इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं विटांचं घर किती जुनं, हे नुसत्या विटांवरून सांगता येतं का?

ढोबळमानाने हो, शतकापर्यंत अंदाज बांधता येतो. मात्र फक्त दर्शनी भिंतीवर विसंबू नका. आधी विटांची मांडणी बघा. एक थर लांब बाजूंचा, त्यावर एक थर नुसत्या तोंडांचा (म्हणजे विटेच्या आखूड बाजूंचा), म्हणजे इंग्लिश बाँड. सोबत विटा पातळ आणि ओबडधोबड असतील तर घर बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकातलं. एकाच थरात लांब बाजू आणि तोंड आलटूनपालटून दिसलं तर तो फ्लेमिश बाँड. लंडनच्या क्यू पॅलेसमध्ये (१६३१) तो आहे, पण सगळीकडे रुळला अठराव्या शतकात.

खरी गंमत विटेच्या आकारात आहे. १७८४ मध्ये सरकारने दर हजार विटांमागे कर बसवला. कर नगावर, मग वीटच मोठी करा! लेस्टरशायरमधल्या मेशम गावी जोसेफ विल्क्स या उद्योजकाने जवळपास दुप्पट आकाराच्या विटा पाडल्या. तिथल्या जुन्या भिंतींत त्या आजही दिसतात. १८०३ मध्ये मोठ्या विटांवर जादा कर लागला आणि ही पळवाट बंद झाली. १८५० मध्ये करच रद्द झाला.

अडचण एवढीच, की लाकडी सांगाड्याच्या कितीतरी जुन्या घरांना पुढे फॅशन म्हणून समोरून विटांची नवी भिंत चढवली गेली. त्यामुळे बाजूच्या-मागच्या भिंती, छपराचा उतार आणि आतल्या तुळया बघूनच काळ ठरवा.