ट्रम्पेट कापण्याआधी हे करून बघ

ट्रम्पेटचा आवाज अडकतो म्हणून लीडपाइप, म्हणजे माउथपीस (ओठ लावायचा भाग) बसतो ती पहिली नळी, बदलायचा विचार सध्या बाजूला ठेव. एकदा पाइप झाळून घेतला की परत फिरणं अवघड, आणि आवाज अडकण्याचं कारण बहुतेक वेळा फार साधं असतं.

आधी वाद्य कोमट पाण्याने धू आणि लीडपाइपमधून लवचीक ब्रश फिरव. कढत पाणी नको, लॅकर (धातूवरचा चमकदार थर) सुटतं. वॉटर कीचा (साठलेलं पाणी काढायच्या झडपेचा) कॉर्क झिजलाय का तेही बघ, कारण तिथून हवा निसटली की स्वर डळमळतात.

आता खरी मेख. दुसऱ्या व्हॉल्व्हची (बोटाने दाबायच्या मधल्या झडपेची) छोटी स्लाइड, म्हणजे ओढून निघणारी नळी, काढ, तोच व्हॉल्व्ह पूर्ण दाब आणि उघड्या नळीत टॉर्च मारून बघ. पिस्टनचं (व्हॉल्व्हच्या आत वर-खाली होणाऱ्या भागाचं) भोक नळीशी तंतोतंत जुळायला हवं. वरच्या कडेला धातूची बारीक चंद्रकोर दिसली, तर बटणाखालचा फेल्ट (नमद्याची चकती) दबलाय आणि पिस्टन जास्त खाली जातोय. नवे फेल्ट स्वस्तात मिळतात, आणि एवढ्यानेच कितीतरी ट्रम्पेट मोकळे वाजू लागतात! व्हॉल्व्ह न दाबता पिस्टन वर असतानाची स्थिती मात्र जाणत्या कारागिराकडूनच तपासून घे.

मग माउथपीस. त्याचं टोक आणि लीडपाइपची सुरुवात यांत थोडी फट असते, साधारण ३ मिमी. शँकभोवती (माउथपीसच्या नळीत जाणाऱ्या दांड्याभोवती) कागदाची पातळ पट्टी गुंडाळून ही फट किंचित वाढव आणि मंद आवाजात स्वर उचलून बघ. फरक लगेच कळतो, नाही आवडला तर कागद काढून टाक.

जड व्हॉल्व्ह कॅप्स (व्हॉल्व्हची वजनदार झाकणं) मी तुला सुचवणार नाही. त्यांनी आवाज ठाशीव वाटतो, पण मंद आवाजातले स्वर उशिरा उठतात.