आजीचं ध्यान आणि शाळेतलं मेडिटेशन

प्रिय सोनू,

तुझा प्रश्न असा, की आजी विठोबाच्या तसबिरीसमोर डोळे मिटून बसते, आणि शाळेतल्या मेडिटेशनला बाई सांगतात, मनात काहीच आणू नका. मग ध्यान कोणतं?

पतंजलींच्या योगसूत्रांप्रमाणे पाहिलं तर आजीचं ध्यानाच्या जास्त जवळ जातं. ‘काहीच आणू नका’ म्हटलं की नेमकं सगळं येतं. म्हणून ते आधी मनाला एक जागा देतात, ती धारणा. योगसूत्रांवरच्या व्यासांच्या भाष्यात अशा जागा दिल्या आहेत: नाभी, हृदय, नाकाचा शेंडा, जिभेचा शेंडा किंवा बाहेरची एखादी वस्तू. आपल्याला जे रुचेल ते घ्यावं, अशीही मुभा आहे. त्या जागी एकच जाणीव सलग वाहू लागली की ध्यान. ‘मी ध्यान करतेय’ हेही भान गळालं आणि फक्त ती वस्तू उरली की समाधी. योगाच्या आठ अंगांतली ही शेवटची तीन. आसन आणि प्राणायाम त्यांच्या आधी येतात.

विवेकानंदांनी कूर्मपुराणाच्या आधारे यांचं माप दिलंय. मन 12 सेकंद टिकलं तर एक धारणा, अशा 12 धारणांचं एक ध्यान, म्हणजे 2 मिनिटं 24 सेकंद, आणि 12 ध्यानांची समाधी, जवळजवळ 29 मिनिटं. मात्र घड्याळ लावून मोजू नकोस. ‘किती सेकंद झाले?’ असं मनात आलं की धारणा तुटलीच.

बसायचं कसं? जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ देत. सतरंजीवर चादरीची घडी ठेवून फक्त तिच्या काठावर बस. कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहिली की पाठ आपोआप सरळ राहते. पोक काढून बसलीस तर पाच मिनिटांत पाय बधिर होतील नाहीतर डुलकी लागेल. श्वास मुद्दाम लांबवू नकोस. नाकाचा शेंडा निवडलास तरी डोळे तिरळे करून बघायचं नाही, डोकं दुखतं. मिटल्या डोळ्यांनी तिथला श्वासाचा स्पर्श जाणवला तरी पुरे. तुला पाच मिनिटं खूप झाली, पण रोज.

मन पळणारच. पळालं हे कळलं की न चिडता परत आण. गीतेच्या सहाव्या अध्यायातही हेच सांगितलंय. चिडलीस तर त्या चिडण्याचाच नवा विचार सुरू होतो. पेंग येत असेल तर मात्र उठ, तोंड धू आणि पुन्हा बस. पेंगेतली शांतता ध्यानासारखी वाटते, पण ती झोपच असते. मोठी माणसंही इथे फसतात.

विठोबाचंच करायचं असेल तर क्रम भागवताच्या तिसऱ्या स्कंधातला घे. कपिलमुनी आई देवहूतीला सांगतात: आधी पूर्ण मूर्ती, मग एकेक अवयव, सुरुवात पावलांपासून आणि शेवटी हसरा चेहरा. एक अवयव स्पष्ट दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. बहुतेक दिवस तू विटेवरच्या पावलांपाशीच असशील, आणि ते चालतं. आजी कुठपर्यंत जाते, ते रविवारच्या फोनवर तिलाच विचार.

तुझी,
आई