जुन्या माहेश्वरी साडीचा टॉप घरी शिवता येईल का?

हो, येईल, फक्त सैल आणि सरळ कटाचा शिवा. इंदुरात शिवणाचे क्लास घेते, त्यामुळे अशा साड्या सतत हाताखालून जातात. नेहमीच्या माहेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती. जुन्या साडीत घड्यांवरचं रेशीम आधी विरतं, आणि फिटिंग घट्ट ठेवलं की काखेत धागे सरकून शिवण उसवते. म्हणून घडीच्या रेषा टाळून कापा, आत मलमलचं अस्तर लावा (शीतलामाता बाजारात सहज मिळतं), सुई ११ नंबरची. पारंपरिक काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, तेव्हा बाही बाहेरून दुमडली तरी छान दिसते! मात्र हलकं ओढल्यावरच कापड टरकत असेल तर टॉपचा नाद सोडा, काठ तेवढा कापून साध्या सुती टॉपला लावा.