मुदतपूर्व निवृत्ती, अंशराशीकरण आणि गृहकर्ज

आपण नौदलात कमांडर आहात, वय 44, सेवा 21 वर्षे. मुदतपूर्व निवृत्ती घेऊन निम्म्या निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करावे का, म्हणजे तो भाग विकून त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यावेत का, आणि त्या रकमेतून 35 लाखांचे गृहकर्ज फेडावे की मित्राच्या नौकादुरुस्तीच्या व्यवसायात भागीदारी घ्यावी, असा आपला प्रश्न आहे.

नोकरी सोडण्याचा निर्णय आधी घेऊ, कारण तो मागे घेता येणे कठीण असते. 20 वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा आपण पूर्ण केली आहे, त्यामुळे निवृत्तिवेतन मिळणारच. मात्र 2015 च्या आदेशाने, त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांना ‘वन रँक वन पेन्शन’चा, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान निवृत्तिवेतन या योजनेचा, लाभ नाकारला आहे. तो आदेश लागू राहिला, तर निवृत्तिवेतनाच्या दर पाच वर्षांनी होणाऱ्या फेरनिश्चितीपासून आपण उर्वरित आयुष्य वंचित राहाल. ही किंमत आपल्या पत्रात कुठेच आलेली नाही आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. नव्या नोकरीचे नियुक्तिपत्र हाती आल्याशिवाय अर्ज करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता अंशराशीकरण. आपले अपेक्षित मूळ निवृत्तिवेतन 80,000 रुपये आहे. त्यातील 40,000 विकले आणि आपल्या वयाचा गुणक (विकलेल्या वार्षिक रकमेची किती पट मिळते तो आकडा) साधारण 9 धरला, तर एकरकमी सुमारे 43 लाख 20 हजार मिळतील, आणि 15 वर्षे दरमहा 40,000, म्हणजे एकूण 72 लाख, कापले जातील. व्याजाच्या भाषेत हे सुमारे साडेसात टक्क्यांचे कर्ज झाले. पण ते बँकेच्या कर्जापेक्षा बरेच सौम्य आहे: सैन्यदलांतील व्यक्तीला मिळणारी ही रक्कम पूर्णतः करमुक्त असते, महागाई भत्ता मूळ 80,000 वरच मिळतो, आणि दुर्दैवाने मध्येच मृत्यू झाला तर उरलेली वसुली कुटुंब निवृत्तिवेतनातून होत नाही. दुसऱ्या नोकरीमुळे आपण तीस टक्क्यांच्या करटप्प्यात असाल, तर कापले जाणारे 40,000 करानंतर आपल्याला 28,000 च पडले असते, आणि त्या हिशेबाने प्रत्यक्ष व्याज जेमतेम दोन टक्के येते. केवळ निवृत्तिवेतनावरच राहणार असाल, तर हा करातील फायदा कमी होईल आणि दर वाढेल, पण तो फार तर साडेसातच्या आसपास जाईल.

आपले गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचे असून 14 वर्षांचे हप्ते बाकी आहेत, म्हणजे दरमहा सुमारे 35,700 रुपये. दोन्ही परिस्थितींत ते फेडणे लाभाचे ठरते आणि हाती आठ लाखांहून थोडे अधिक उरतात. ते मुदत ठेवीत ठेवावेत. नव्या नोकरीत पाय रोवेपर्यंतचा घरखर्च त्यातून निघेल.

भागीदारीबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. नेपोलियनविरुद्धचे युद्ध 1815 मध्ये संपल्यावर ब्रिटिश नौदलातील बहुसंख्य अधिकारी जहाजाविना, अर्ध्या पगारावर, वर्षानुवर्षे बसून राहिले, आणि तरीही त्यांच्या घरांना आधार होता तो त्या तुटपुंज्या पण ठरलेल्या रकमेचाच. आपल्या निवृत्तिवेतनाचे मोल याच निश्चिततेत आहे. तिचा निम्मा भाग विकून अनिश्चित नफ्याच्या व्यवसायात घालणे म्हणजे दोन धोके एकाच वेळी पत्करणे. मित्राच्या व्यवसायात रस असेलच, तर पहिली दोन वर्षे पगारावर काम करावे, हिशेबाच्या वह्या पाहाव्यात, आणि पुढे गुंतवणूक करावीशी वाटली तर ती नव्या पगाराच्या बचतीतून करावी.