निर्दोष सुटल्यावर पोलीस रेकॉर्डमधली केस काढता येते का? (खानापूर, बेळगाव)

तुम्ही विचारलंय की काळ्या दिनाच्या (1 नोव्हेंबर, सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेध दिवस) फेरीतल्या केसमधून (जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं 143, 147: बेकायदा जमाव आणि दंगल) खानापूर कोर्टानं निर्दोष सोडलं, तरी पासपोर्टच्या पडताळणीत ती प्रलंबित दिसते, तर रेकॉर्ड पुसता येईल का?

प्रौढ माणसाचा एफआयआर पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. पण तुमचं काम अडलंय ते वेगळ्याच कारणानं. कोर्टाचा निकाल पोलिसांच्या कॉम्प्युटरवर चढलेला नाही. तो चढवून घ्या.

आधी निकालाची सर्टिफाइड नक्कल काढा. इथं बरेच जण अडतात, कारण स्टेशनचा क्राइम नंबर (म्हणजे एफआयआर नंबर) आणि कोर्टाचा सी.सी. नंबर (कोर्टातल्या फौजदारी केसचा नंबर) वेगळा असतो. ई-कोर्ट्सच्या साइटवर स्टेशन, एफआयआर नंबर आणि साल टाकलं की सी.सी. नंबर मिळतो. दोन नकला घ्या, मूळ प्रत कुणालाही देऊ नका. झेरॉक्स जोडून स्टेशनला अर्ज द्या, 'निकालाची नोंद करावी' एवढंच लिहा आणि पोच घ्या. प्रत जिल्हा एसपींना पाठवा. बेळगाव शहरातलं स्टेशन असतं तर पोलीस आयुक्तांना. मग त्या पोचेची आणि नकलेची झेरॉक्स पासपोर्ट ऑफिसला द्या. पासपोर्ट कायद्याचं कलम 6(2)(एफ) फक्त कोर्टात चालू असलेल्या केसला लागतं, संपलेल्या केसला नाही.

बोटांचे ठसे घेतले असतील तर 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे, आधी शिक्षा झालेली नसेल आणि अपिलाचे मार्ग संपले असतील, तर ते नष्ट करायचे असतात. कोर्टानं लेखी कारण देऊन ते जपून ठेवायचा आदेश दिला तरच राहतात. घटनेवेळी वय 18 च्या आत असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम 24 पाहा, तिथं रेकॉर्ड खरोखरच नष्ट होतं. 16 वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला असेल तर मात्र नाही.

याच केसमधल्या तुमच्या सोबत्यांना एक सांगा. रोजच्या तारखांना कंटाळून 'गुन्हा कबूल, दंड भरतो' म्हणू नका. शंभर रुपये दंड झाला तरी ती शिक्षाच, आणि मग निर्दोष सुटल्याचा फायदा मिळत नाही. त्यापेक्षा कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात केस रद्द करण्याचा अर्ज करता येतो का, ते वकिलांना विचारा.

सरकारी नोकरीच्या फॉर्मवर 'कधी अटक किंवा खटला?' असं विचारलं असेल तर निर्दोष असूनही 'होय' लिहा आणि नक्कल जोडा. निकाल कानडीत असेल आणि नोकरी महाराष्ट्रात, तर नोटरी केलेलं भाषांतरही लावा. केसपेक्षा ती लपवल्यानंच नोकरी जास्त जाते.