वेणुग्रामचा पाथरवट आज आला तर?

प्रश्न : मी कथा लिहितोय. रट्ट राजांच्या काळातला एक पाथरवट आजच्या बेळगावात येतो नि आपला काळ बुडणार हे त्याला कळतं. ते कुठं कळावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : त्याला किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरात न्या. ही बस्ती १२०४ मधली, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराजानं बांधलेली. त्याच वर्षातून तो आला असं धरा. दगडाची कच अजून धोतरावर आहे. छताचं दगडी कमळ बघून तो हरखेल, आपण घडवलेली पाकळी शोधेल. मग बाहेर येऊन विचारेल, “वेणुग्रामात राजे कुठं राहतात?” समोरच्याला राजेही ठाऊक नाहीत, बेळगावचं ते जुनं नावही. इथं अजिबात घाई करू नका. यादवांनी रट्टांचं राज्य घेतलं, हे एका वाक्यात उरका.

लहानपणी आजीबरोबर मी तिथं जायचो. भर उन्हाळ्यातही खांबाला गाल लावला की गार वाटायचं. त्याला तसाच खांबाला टेकवून बसवा.

आणि हो, त्याची बोली जुनी कन्नड असणार, ती बदलू नका. कुणा मराठी घरातल्या पोरीकडं त्यानं “नीरु”, म्हणजे पाणी मागावं. तिला तेवढं नक्की कळेल.