कातडी लांब असणं हा दोष आहे का?

प्रश्न: ताई, माझं वय 26. माझ्या शिश्नावरची कातडी टोकाच्याही पुढे येते. जवळच्या मित्राचं बोंड मात्र एरवीही अर्धं उघडं असतं, असं त्याच्याच बोलण्यातून कळलं. हस्तमैथुनामुळे माझी कातडी लांबली असेल का? लवकरच लग्न आहे. फार घाबरलोय.

उत्तर: मित्रा, हस्तमैथुनाचा अपराधीपणा आधी मनातून काढून टाक. कातडी कायमची वाढायची तर ती महिनोन्‌महिने, रोज तासन्‌तास ताणून धरावी लागते. हस्तमैथुनात तसं काही घडत नाही. या एका गैरसमजापायी किती मुलं वर्षानुवर्षं कुढत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ही त्वचा आईच्या पोटातच घडते. साधारण तिसऱ्या महिन्यापासून ती बोंडावर पुढे सरकू लागते आणि हळूहळू ते पूर्ण झाकते. ही घडण पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाखाली होते. म्हणूनच ज्या बाळांच्या लघवीचं छिद्र खालच्या बाजूला राहून जातं, त्यांची ही कातडीही बहुधा खालून अपुरी असते. पुढे वयात येताना शिश्न वाढतं, कातडीही वाढते, पण दोन्हींचं प्रमाण सगळ्यांत सारखं नसतं. नाक-कानांची ठेवण तरी कुठे सारखी असते?

शिवाय शिथिल अवस्थेतली लांबी दिवसभर बदलत असते. थंडीने किंवा ताणाने शिश्न आक्रसतं, मग तीच कातडी जास्त वाटते. ताठरता आली की काहींचं शिश्न पुष्कळ लांबतं, काहींचं थोडंच. ज्यांचं पुष्कळ लांबतं, त्यांची कातडी एरवी पुढे लोंबलेली दिसू शकते. ओटीपोटावर चरबी वाढली तरी शिश्न आत दबतं आणि कातडी पुढे येते. त्यामुळे मित्राशी तुलना करून काहीच कळणार नाही.

मोजपट्टी बाजूला ठेव आणि एवढंच बघ: कातडी न दुखता मागे जाते का, ताठरता असतानाही? जात असेल तर लांबी कितीही असो, तुला उपचारांची गरज नाही. आंघोळीच्या वेळी मागे सारून साध्या पाण्याने धुवायचं आणि पुन्हा पुढे आणायची.

मागे जात नसेल तर जबरदस्ती करू नकोस. मूत्ररोगतज्ज्ञांना दाखव. अशा घट्टपणाला अनेकदा स्टेरॉइडचं मलम पुरतं, प्रत्येक वेळी सुंता करावी लागते असं नाही. आधी सहज मागे जाणारी कातडी अलीकडे घट्ट झाली असेल, चिरा पडत असतील किंवा पांढरट चट्टे दिसत असतील, तर मात्र चालढकल नको. त्यामागे त्वचेचा आजार किंवा मधुमेह असू शकतो, म्हणून रक्तातली साखरही तपासून घे. आणि मागे गेलेली कातडी तिथेच अडकून बोंड सुजू लागलं, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी रुग्णालय गाठ.

तुझी ताई